वायर कोणी कापली?

गाडीचा एसी बंद पडला की गिऱ्हाईक आधी आमच्याकडे संशयाने बघतं आणि मग गाडीकडे. मी ही तक्रार करत नाहीये. कल्याण-शीळ रस्त्यावर गाड्यांच्या एसीचं काम करत मला सव्वीस वर्षं झाली. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आधी कोणीतरी "गॅस संपलाय" असं सांगून गॅस भरलेला असतो आणि आठ दिवसांत गार हवा पुन्हा गायब झालेली असते. मग तो माझ्या दारात गाडी लावतो, हाताची घडी घालतो आणि म्हणतो, "आता तुम्हीपण गॅसच सांगणार ना?"

आमचाही गिऱ्हाइकावर विश्वास नसतो. "कोणी हात लावला नाही हो, आपोआप बंद पडला," असं सांगणाऱ्याच्या गाडीत परवाच बसवलेले नवे कोरे लाइट असतात आणि त्यांच्या वायरी कशाही जोडलेल्या असतात. स्कॅनरवरही मी विश्वास ठेवत नाही. का, ते थोडं समजावून सांगावं लागेल, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे.

एसीच्या पाइपांत गॅस दाबाखाली फिरतो. बंपरच्या आत, त्या पाइपावर अंगठ्याएवढा एक सेन्सर असतो. त्याला तीन वायरी. एकीतून त्याला करंट मिळतो, दुसरी अर्थिंगची, आणि तिसरीतून तो गाडीच्या कॉम्प्युटरला सतत कळवत राहतो की दाब किती आहे. दाब फार वाढला तर पाइप फुटायचा, फार उतरला तर कॉम्प्रेसर जळायचा. म्हणून दोन्ही वेळी कॉम्प्युटर कॉम्प्रेसर बंद करतो आणि आपल्या वहीत एक कोड लिहून ठेवतो. आम्ही स्कॅनर लावला की तो कोड वाचता येतो. "प्रेशर सेन्सर, सिग्नल कमी." एवढंच.

आता सिग्नल कमी का आला? खरंच गॅस गेला म्हणून, सेन्सर बिघडला म्हणून, की मधल्या वायरीत काही झालं म्हणून? ते कोड सांगत नाही. कोडमध्ये सेन्सरचं नाव दिसलं की नवखे लोक सेन्सर बदलून मोकळे होतात. मी आधी पाइपाला गेज लावतो. गेजवर दाब बरोबर आणि स्कॅनरवर शून्य, म्हणजे गॅस जागेवर आहे. मग सेन्सर नाहीतर वायर.

वायरींचं मला विशेष कळतं असा माझा लौकिक होता. ठाण्याच्या एका गृहस्थांचं पार्किंगवरून शेजाऱ्याशी भांडण चाललेलं. एसीची वायर तुटली तेव्हा ते शेजाऱ्याविरुद्ध पोलिसांत जायला निघाले होते. वाटेत माझ्याकडे आले, कारण तक्रारीला जोडायला त्यांना मेकॅनिकचा दाखला हवा होता. मी वायर हातात घेतली आणि म्हटलं, "साहेब, तुमच्या शेजाऱ्याचे दात एवढे बारीक आहेत का?" वायरीचं टोक कुरतडलेलं होतं. बॅटरीच्या मागे उंदराचं घरटंच सापडलं, त्यात लग्नपत्रिकेचे तुकडे आणि अर्धी चिक्कीची वडी. गृहस्थ हसले नाहीत. शेजारी सुटला याचं त्यांना वाईटच वाटलेलं दिसलं.

ही गोष्ट मी कित्येकांना सांगितली. कुरतडलेली वायर, जळलेली वायर आणि कापलेली वायर मला नुसत्या बोटांनी ओळखता येते, असंही वर सांगायचो. आता त्या फुशारकीचं काय झालं ते ऐका.

सबनीस सर डोंबिवलीचे. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे सबनीस काकूंच्या, दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून तीनदा ठाण्याला डायलिसिस. येताना काकू अगदी गळून गेलेल्या असत, उकाडा त्यांना सोसत नसे. त्यामुळे त्यांच्या गाडीचा एसी ही चैनीची गोष्ट नव्हती. ठाण्याला गाडी न्यायला पांडुरंग साळवी म्हणून ड्रायव्हर होते. मूळ चिपळूणकडचे, राहायला शहाडला, वय पन्नाशीचं. काकूंना गाडीतून उतरवताना आधी स्वतःचा हात शर्टाला पुसून मग पुढे करायचे, हे मी एकदा पाहिलेलं.

त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला गॅरेज बंद होतं. दुसऱ्या दिवशी शटर उघडतोय तोच सबनीस सर स्वतः गाडी घेऊन हजर. एकटेच.

"जाधव, मला तुमच्याशी जरा खाजगी बोलायचंय."

आत बसल्यावर त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. उभ्या रेघा आखलेल्या. तारीख, वेळ, गाडी कुठे होती, कोण चालवत होतं.

"एसी आतापर्यंत नऊ वेळा मध्येच बंद पडलाय. नऊच्या नऊ वेळा गाडी साळवी चालवत होता. मी चालवतो तेव्हा एकदाही बंद पडलेला नाही. याला तुम्ही काय म्हणाल?"

"योगायोग असू शकतो, सर."

"नऊ वेळा?" ते माझ्याकडे नापास विद्यार्थ्याकडे बघावं तसे बघत म्हणाले. "आणि अजून एक. दोन महिन्यांमागे तो मला म्हणाला, शहाडला माझ्या ओळखीचा एसीवाला आहे, एकदा त्याला दाखवू. मी नको म्हटलं. त्यानंतर हे सुरू झालं."

तेव्हा मी एक साधा प्रश्न विचारायला हवा होता. सर, तुम्ही स्वतः गाडी कुठे कुठे नेता? सर गाडी न्यायचे भाजीला आणि बँकेत. शीळफाट्याचे खड्डे त्यांच्या वाट्याला कधी येतच नव्हते. पण तो कागद इतका स्वच्छ होता, अक्षर इतकं वळणदार, की विचारायचं सुचलंच नाही. शिवाय खरं सांगतो, शहाडच्या दुसऱ्या एसीवाल्याचं नाव निघालं तेव्हा मलाही साळवींबद्दल जरा वाकडंच वाटलेलं.

स्कॅनर लावला. सेन्सर, सिग्नल कमी. गेज लावलं, दाब व्यवस्थित. अर्धा तास इंजिन चालू ठेवलं, एसी बर्फासारखा. पुढची जाळी काढून सेन्सरची वायर बोटांनी तपासत गेलो तर वीतभर अंतरावर कव्हरला एक चीर. सरळ, नीटस. आतली तांब्याची तार चमकत होती.

"उंदीर?" सरांनी विचारलं.

"नाही सर. उंदीर असं करत नाही. हे ब्लेड मारल्यासारखं आहे."

"म्हणजे कोणीतरी कापलंय."

तिथे मला "सांगता येत नाही" म्हणता आलं असतं. पण माणूस विचारतोय, आपल्याला कळतं म्हणून विचारतोय, आणि आपण "सांगता येत नाही" म्हणायचं, हे माझ्या तोंडून तेव्हा निघत नसे. मी म्हटलं, "कोणाचातरी हात लागलाय, सर. एवढं नक्की."

सरांनी कागदाची घडी घातली. मी चिरेवर टेप गुंडाळली, कोड पुसला, वायर होती तिथेच सोडून दिली आणि जाळी बसवली.

तिसऱ्या दिवशी साळवी गॅरेजवर आले. चालत आलेले. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला.

"शेठ, मी वायर कापली असं तुम्ही सांगितलंत?"

"मी तुमचं नाव घेतलं नाही."

"मग कुणाचं घेतलंत? त्या गाडीला हात लावणारे आम्ही दोघंच ओ. सर आणि मी. सर काय आपलीच गाडी कापतील?"

मी म्हटलं, "वायर कापलेली होती साळवी. जे दिसलं ते सांगितलं."

"बाईंना त्रास व्हावा म्हणून मी कापीन?" मला वाटलं भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं, मलाही चार शब्द बोलता आले असते. ते फक्त म्हणाले, "तुम्ही जाणते माणूस. तुमच्या बोलण्यावर लोक विश्वास ठेवतात, शेठ," आणि आले तसे चालत गेले.

सरांनी त्यांना काढून टाकलेलं होतं. का काढलं ते सोसायटीच्या वॉचमनलाही सांगितलेलं, आणि हा माणूस गेटच्या आत नको म्हणून बजावलेलं.

तीन आठवडे गेले. एका दुपारी सबनीसांची गाडी ठाण्याहून येताना थेट माझ्या दारात थांबली. एजन्सीचा कोणीतरी नवीन ड्रायव्हर चालवत होता. सर पुढे, काकू मागे डोळे मिटून, कपाळावर ओला पंचा. एसी पुन्हा बंद पडला होता.

मी काकूंना आत पंख्याखाली यायला सांगितलं. त्या मानेनेच नको म्हणाल्या, उतरायचं त्राण नव्हतं. मी घाईघाईने जाळी काढली. तीन आठवड्यांपूर्वी मी गुंडाळलेली टेप, त्याच जागी, तशीच सरळ चिरलेली.

आता साळवी तर नव्हते. मग कोण? पहिल्यांदा नव्या ड्रायव्हरकडेच मी संशयाने बघितलं. खोटं कशाला सांगू, आधी तेच केलं. तो बिचारा झाडाखाली पाणी पीत होता. मग वायर कुठे टेकते ते बघायला हात आणखी आत घातला आणि झटक्यात बाहेर काढला. बोट कापलं होतं. रक्त आलं.

हॉर्नची पत्र्याची पट्टी. तिची कड धारदार होती, सुरीसारखी. वायर तिच्यावर पडून होती. गाडी खड्ड्यात आदळली की पट्टी वायरीवर घासायची, उघडी तार पत्र्याला टेकली की सिग्नल शून्य. कॉम्प्युटरला वाटायचं, सगळा गॅस गेला. तो कॉम्प्रेसर बंद करायचा.

पण वायर त्या पट्टीवर पडली कशी? कंपनीने तिला क्लिप दिलेली असते. मी टॉर्च मारला. क्लिपच्या जागी एक तुटलेला केबल टाय, म्हणजे वायरी बांधायचा प्लास्टिकचा बंद, लोंबत होता. लाल रंगाचा.

काळे टाय सगळेच वापरतात. लाल टाय मीच वापरलेले, आदल्या वर्षी, दुकानात काळे संपलेले म्हणून एक पाकीट आणलेलं. आदल्या वर्षी याच गाडीचा कंडेन्सर, म्हणजे बंपरमागचा गॅस थंड करणारा भाग, मी बदललेला. त्या कामात क्लिप माझ्याच हातून तुटली. कंपनीची क्लिप मागवायला दोन दिवस लागले असते, काकूंना दुसऱ्या दिवशी ठाण्याला जायचं होतं, म्हणून टाय बांधून गाडी दिलेली. हॉर्नची पट्टीही तेव्हाच काढून परत बसवलेली, जरा तिरकी. इंजिनाच्या गरमीने टाय कडक झाला आणि तुटला.

वायर मीच कापली होती.

सर मागून विचारत होते, "काय निघालं?"

यापुढचं लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तेच लिहायला हा लेख घेतला. मी तो लाल टाय तोडून खिशात घातला. म्हटलं, "टेप सैल पडली होती सर. आता नीट बांधून देतो." पट्टीची कड कानशीने घासली, वायरीला नवं कव्हर चढवलं, लांबून फिरवून पक्की बांधली. काम उत्तम झालं. गाडी निघताना काकूंनी काच खाली केली. आवाज अगदी बारीक होता.

"जाधव, साळवींनी नव्हती ना कापली?"

इंजिन चालू होतं. ऐकूच आलं नाही असं दाखवून मी जाळीचा शेवटचा स्क्रू पिळत राहिलो. स्क्रू आधीच घट्ट झालेला होता.

पुढचे काही दिवस मी स्वतःची समजूत घालत होतो. साळवींना दुसरं काम मिळालं असेल. सगळीकडे ड्रायव्हर हवेच आहेत. सरांना खरं सांगून काय होणार, माझंच नाव खराब होणार. मग एका सकाळी शीळफाट्याच्या टपरीवर चहा पीत उभा होतो. बाजूला पाच-सहा ड्रायव्हर. एकाला त्याच्या शेठने कायमचा माणूस बघायला सांगितलेलं. दुसरा म्हणाला, "शहाडचा साळवी बसूनच आहे की."

"कोण? वायरकाप्या?" तिसरा म्हणाला आणि सगळे हसले. "त्याला ठेवतंय कोण? मालकाच्या गाडीची वायर कापून कमिशनसाठी गॅरेजवाल्याकडे न्यायचा तो."

"तू बघितलंस का?" मी विचारलं.

"अरे काका, मेकॅनिकनेच पकडून दिलं त्याला."

चहा अर्धा तसाच टाकला.

मी एकोणीस-वीस वर्षांचा असताना ठाण्याच्या एका वर्कशॉपमध्ये लागलेलो. एकदा तिथला करंट तपासायचा चांगला मीटर सापडेना. अकरा जण कामाला होतो. मालकाने पिशवी फक्त माझी उघडली. का, ते कोणी बोललं नाही आणि बोलायची गरजही नव्हती, माझं आडनाव आणि आमची वस्ती सगळ्यांना ठाऊक होती. डब्यातली भाजी पिशवीत सांडली. मीटर दुसऱ्या दिवशी मालकाच्याच ड्रॉवरमध्ये निघाला. "मिळाला रे," एवढंच तो म्हणाला. ती पिशवी आईने तीनदा धुतली तरी मी पुन्हा वापरली नाही. हे सगळं ज्याने सोसलंय, त्या माणसाने साळवींचं असं करावं?

त्याच संध्याकाळी मी सबनीसांच्या घरी गेलो. लाल टाय टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. सर शांतपणे ऐकत होते. मग चष्मा काढून म्हणाले, "साळवी तुम्हाला भेटला होता का?"

"एकदा आलेले गॅरेजवर. तेव्हाच, काढल्यावर."

"म्हणजे भेटला होता. आणि आता तुम्ही स्वतःहून दोष अंगावर घेताय." त्यांनी टाय उचलून उजेडात धरला. "हा टाय त्याच गाडीतला कशावरून?"

मला राग आला. मग लक्षात आलं, की पुराव्याशिवाय माझं ऐकायची सवय त्यांना मीच महिन्याभरापूर्वी लावली होती आणि आता ते ती सोडत होते. त्यात चूक काहीच नव्हती.

"सर, उद्या काकूंना ठाण्याला न्यायचंय ना? गाडी मी चालवतो. तुम्ही स्कॅनर घेऊन बाजूला बसा."

सकाळी निघण्याआधी मी सरांसमोर माझी बांधणी सोडली, नवं कव्हर काढलं आणि वायर होती तशी पट्टीवर टेकवली. स्कॅनर त्यांच्या मांडीवर दिला. त्यावर सेन्सर सांगतो तो दाब आकड्यांत दिसत राहतो. डोंबिवलीच्या गल्ल्यांतून सर मोठ्याने आकडे वाचत होते. एकशे नव्वद, एकशे पंच्याण्णव, दोनशे. काही होईना. शीळ रस्त्याला लागलो. पहिल्या मोठ्या खड्ड्यात गाडी धाडकन आदळली.

"दोनशे पाच," सर म्हणाले. "शून्य."

एसीतून कोमट हवा यायला लागली. दोन सेकंदांनी आकडा पुन्हा दोनशेवर.

"सर, पाइपातला गॅस असा एका क्षणात जाऊन परत येतो का?"

सर स्कॅनर मांडीवर सरळ करत म्हणाले, "परत घ्या. त्याच खड्ड्यातून."

मी पुढून वळून आलो. शून्य. "पुन्हा." पुन्हा शून्य. चौथ्यांदा वळायला लागलो तेव्हा मागून काकू म्हणाल्या, "पुरे करा हो आता. कितीदा सिद्ध करून हवंय? मी पहिल्या दिवसापासून सांगतेय."

गाडी बाजूला घेऊन मी वायर परत बांधली, काकूंना गार हवा सुरू करून दिली. सर स्कॅनरकडे बघत बसून होते. मुंब्रा बायपास उतरताना सर आरशात काकूंकडे बघत म्हणाले, "नऊच्या नऊ वेळा खड्डे होते. मी तो रकानाच ठेवला नाही."

रविवारी आम्ही दोघं शहाडला गेलो. चाळीतली खोली, बाहेर कपडे वाळत घातलेले. साळवींच्या बायकोने आम्हाला बघितलं आणि दार अडवूनच उभी राहिली. "आता काय राहिलंय ओ? आता कसली चोरी?"

"वहिनी, चूक माझी होती. तेच सांगायला आलोय," मी म्हटलं.

साळवींनी आम्हाला आत घेतलं. मी सगळं सांगितलं, बोटावरचा वण दाखवला. सर म्हणाले, "साळवी, उद्यापासून या. झालं गेलं विसरून जा."

"काम नको, सर."

"अहो, मी माफी मागतोय."

"ती इथे या खोलीत मागताय. वायरकाप्या मी खोलीच्या बाहेर झालोय." आवाज चढला नव्हता. "मी ज्या गेटवर काम मागायला जातो, तिथे तुमची गोष्ट माझ्याआधी पोचलेली असते. मला कागद द्या लिहून. आणि तुमच्या सोसायटीच्या बोर्डावर लावा."

सरांचा चेहरा पडला. चाळीस वर्षं त्या सोसायटीत सगळे त्यांना "सर" म्हणत आलेले. पण त्यांनी मान हलवली.

मजकूर त्यांनी घरी लिहिला. मी सहीला गेलो तेव्हा सुरुवात अशी होती, "गैरसमजातून श्री. साळवी यांच्याविषयी..." काकूंनी पलंगावरून हात पुढे करून कागद मागून घेतला, वाचला.

"गैरसमज हा शब्द काढा. तो आपोआप झाल्यासारखा वाटतो. मी खोटा आरोप केला, असं लिहा."

सरांनी तसं लिहिलं. खाली त्यांची सही. त्याखाली मी लिहिलं, की वायर माझ्या कामातल्या चुकीमुळे चिरली, आणि गॅरेजचा शिक्का मारला. साळवी सोसायटीत आले, बोर्डासमोर उभे राहून सगळं वाचलं, मोबाइलवर फोटो काढला. वर गेले, काकूंना भेटले, चहा घेतला. काम घेतलं नाही. आमच्या दोघांशी मात्र ते मोजकंच बोलले.

त्या बोर्डाचा मलाही फटका बसला. सोसायटीतली चार-पाच गिऱ्हाइकं गेली. काही उलट मुद्दाम यायला लागली, ती का, ते मला अजून कळलेलं नाही. काकू पुढच्या थंडीत गेल्या. साळवी आलेले, खांदा दिला, आणि कोणाशी न बोलता गेले, असं सरांनी फोनवर सांगितलं.

मध्ये दोन वर्षं गेली. यंदा उन्हाळ्यात एक जुनी पण चकचकीत ठेवलेली गाडी माझ्याकडे आली. चालवत होते साळवी. गाडी स्वतःची, लांबच्या भाड्यांवर चालवतात. एसी मध्येच बंद पडत होता. शहाडच्या त्यांच्या ओळखीच्या माणसाने दोनदा बघितलं, त्याला सापडेना, त्यानेच माझ्याकडे पाठवलं.

मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत. बॉनेटच्या बाजूला उभे राहून माझ्या हातांकडे बघत राहिले. स्कॅनर लावला. प्रेशर सेन्सर, सिग्नल कमी. गेज लावलं, दाब बरोबर. कनेक्टर काढून साफ करून लावला, फरक नाही. वायर दिसत होती तिथपर्यंत चांगली होती.

"काय निघतंय?" त्यांनी विचारलं.

"सेन्सर गेलेला वाटतोय."

"नक्की?"

मी वाकलेलो होतो, सरळ झालो. वायर बंपरच्या आत पुढे जात होती आणि तिचं दुसरं टोक मला दिसत नव्हतं.

"नाही साळवी," मी म्हटलं. "नक्की नाही. बंपर उतरवून शेवटपर्यंत बघतो, मग सांगतो. तासभर जाईल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खुर्ची ओढली आणि बसले.